बॅड ब्रेन्सच्या पिवळ्या कॅसेटमधून ड्रमरने काय घ्यायचं?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. दोन वर्षं ड्रम्स वाजवतोयस, स्क्राइबसारख्या मुंबईच्या बँडमुळे हार्डकोरची, म्हणजे अतिवेगवान, आक्रमक पंक रॉकची, गोडी लागली. मग कोणीतरी सांगितलं की मुळापासून ऐकायचं तर बॅड ब्रेन्स या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम, ती १९८२ ची पिवळी कॅसेट, ऐक. ऐकलास आणि हिरमोड झाला. आवाज गढूळ, गाणी रंगात येईपर्यंत संपतात, आणि मधेच कुठून तरी रेगे, म्हणजे जमैकाचं ते संथ संगीत, सुरू होतं. यात एवढं थोर काय, हा पहिला प्रश्न. ही माणसं म्हणे आधी जॅझ वाजवायची, मग पंककडे का वळली, हा दुसरा. आणि तिसरा, तुझ्या मनातला खरा: त्या वेगाने वाजवायला गेलं की दीड मिनिटात हात भरून येतो, काय करू?

मी सव्वीस वर्षं ड्रम्स शिकवतोय. तिसरा प्रश्न दर वर्षी कोणीतरी घेऊन येतोच. त्याचं उत्तर त्या मधेच येणाऱ्या रेगेत आहे असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे तू जी गाणी वगळून पुढे जातोस, नेमकं तिथेच मी तुला बसवणार आहे. पण आधी माणसं कोण होती ते बघू, त्याशिवाय रेगेचं कोडं सुटायचं नाही.

चौघे जण. गायक एच.आर., म्हणजे पॉल हडसन. ड्रम्सवर त्याचा धाकटा भाऊ अर्ल हडसन. गिटारवर गॅरी मिलर, ज्याला सगळे डॉक्टर नो म्हणतात. बेसवर डॅरिल जेनिफर. वॉशिंग्टन डीसी आणि त्याला लागून असलेल्या मेरीलँडच्या उपनगरांतली ही कृष्णवर्णीय मुलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या बँडचं नाव माइंड पॉवर होतं आणि ते जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकची सरमिसळ, वाजवायचे. रिटर्न टू फॉरेव्हर आणि जॉन मॅक्लॉग्लिनची महाविष्णू ऑर्केस्ट्रा ही त्यांची दैवतं. हाच मॅक्लॉग्लिन पुढे आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’त बसला. महाविष्णूची एखादी रचना ऐकलीस तर कळेल की हे संगीत वाजवायला काय लागतं: विषम मात्रांची आवर्तनं, अतिद्रुत लयीतली गिटार, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी समेवर येणं. बॅड ब्रेन्सची चारही पोरं या तालमीतून आलेली आहेत. एवढं एक कळलं की अल्बम वेगळा ऐकू येतो.

त्यांना पंक दाखवलं त्यांच्या मित्राने, सिड मॅक्रेने. काही काळ तो त्यांचा पहिला गायकही होता. बँडचं नावही रमोन्स या पंक बँडच्या ‘बॅड ब्रेन’ या १९७८ च्या गाण्यावरून आलं. आता तुझा दुसरा प्रश्न: जॅझ येत असताना पंक का? लोक समजतात की पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा आसरा, मग येणाऱ्याने तिकडे कशाला जावं. माझी समजूत अशी आहे. फ्यूजनमध्ये हाताची तयारी दाखवायला दहा-दहा मिनिटं मिळतात. रमोन्स दोन मिनिटांत मोकळे व्हायचे. ज्याच्याकडे तयारी आहे, त्याला ती दोन मिनिटांत कोंबायचा मोह होणारच. या चौघांनी पंकचा आकार घेतला आणि त्यात फ्यूजनची शिस्त भरली. वेग वाढला तो त्यातून. त्या काळात अमेरिकेत इतकं वेगात वाजवणारे फार थोडे होते, आणि इतकं वेगात वाजवून एकत्र राहणारे त्याहून थोडे.

त्यात आणखी एक धागा आहे. एच.आर.च्या हाती नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ आलं. हो, तेच पुस्तक, जे आपल्याकडे प्रत्येक स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर दिसतं. हिलच्या शिकवणीतली ‘पॉझिटिव्ह मेंटल ॲटिट्यूड’ ही कल्पना त्याने उचलली आणि पीएमए या तीन अक्षरांत बँडचं ब्रीदच करून टाकली. ‘ॲटिट्यूड’ हे सव्वा मिनिटाचं गाणं त्याच्यावरच आहे. ब्रिटिश पंकचा सूर ‘भविष्यच नाही’ असा होता. याच सुमारास, त्याच्याहून दुप्पट वेगात, एक कृष्णवर्णीय बँड ओरडून सांगतोय की मन खंबीर ठेवा, आपण यातून बाहेर पडू. माझ्यासारख्याला हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला होता. राग आणि उमेद एकाच गाण्यात मावू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

जून १९७९ मध्ये वॉशिंग्टनच्या बायू क्लबमध्ये इंग्लंडच्या डॅम्ड बँडच्या आधी हे वाजले. श्रोत्यांत इयन मॅकाय आणि हेन्री रोलिन्स ही दोन पोरं होती. एकाने पुढच्या वर्षी मायनर थ्रेट काढला, दुसरा १९८१ मध्ये ब्लॅक फ्लॅगचा गायक झाला. अमेरिकी हार्डकोरचे दोन मोठे प्रवाह त्या एका संध्याकाळी श्रोत्यांत उभे होते म्हण ना. त्याच वर्षाच्या अखेरीस बॅड ब्रेन्स इंग्लंडला निघाले. कामाचे परवाने नव्हते, तिथल्या विमानतळावरूनच त्यांना माघारी धाडलं. परतले तेव्हा हातात वाद्यंसुद्धा उरली नव्हती. तेव्हा टीन आयडल्स नावाच्या शाळकरी पोरांच्या बँडने आपलं तळघर आणि आपली वाद्यं त्यांना सरावाला दिली. त्या बँडमध्ये बेस वाजवणारा मुलगा म्हणजे हाच इयन मॅकाय. म्हणजे मायनर थ्रेटच्या माणसाने बॅड ब्रेन्सचा रियाज एका खोलीत, हातभर अंतरावरून पाहिला. डीसीचं हार्डकोर एवढं घट्ट आणि काटेकोर का वाजतं, त्याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं. गुरूच्या घरी राहून शिकण्याला आपण जे महत्त्व देतो, ते इथे तळघरात घडलं.

वॉशिंग्टनच्या क्लबांनी हळूहळू दारं बंद केली. गर्दी अंगावर यायची, सामान मोडायचं, मालकांना नको होतं. ‘बॅन्ड इन डीसी’ हे गाणं त्याचंच. मग मुक्काम हलला न्यूयॉर्कला. ईस्ट व्हिलेजमध्ये ॲव्हेन्यू ए या रस्त्यावर १७१ क्रमांकाला रस्त्यालगतचा एक गाळा होता. जेरी विल्यम्स नावाचा माणूस तिथे रेकॉर्डिंग करायचा. अल्बमवर त्याचं नाव जे डब्ली असं आहे. जागेचं नावच १७१-ए. बीस्टी बॉईज या बँडचं पहिलं ईपीही (छोटी रेकॉर्ड) इथलंच. १९८१ मध्ये या गाळ्यात जे टेपवर आलं, ते ५ फेब्रुवारी १९८२ रोजी नील कूपरच्या रॉइर कंपनीने काढलं. रॉइर तेव्हा फक्त कॅसेट काढायची. एलपी नाही, काही नाही. पिवळं कव्हर, आणि त्यावर अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज.

आवाजाच्या गढूळपणाबद्दल आता बोलता येईल. खोली छोटी, साधनं मोजकी, आणि शेवटचं माध्यम कॅसेट. टेपवर आवाज चढ्या पातळीवर भरला की स्नेअरची (स्टिकने वाजवायचा खणखणीत ड्रम) आणि किकची (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) टोकं बोथट होतात. प्रत्येक ठोक्याची पहिली कड टेप गिळून टाकते. हळू गाण्यात त्याने ऊब येते. वेगाच्या गाण्यात ठोके एकमेकांत मिसळल्यासारखे होतात. तुला जो गाळ ऐकू येतो तो हा. पण ज्या अर्थी एवढं होऊनही तुला प्रत्येक गाणं कुठे थांबलं ते स्पष्ट कळतं, त्या अर्थी वाजवणाऱ्यांनी टेपला पुरून उरेल इतकं स्वच्छ वाजवलंय. कच्च्या बँडला या खोलीत आणि या टेपवर टाक, नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईल.

माझी ओळख झाली तीही कॅसेटवरच. नव्वदच्या दशकात एका मित्राच्या मामांनी अमेरिकेहून पाठवलेल्या सामानात ती होती, आणि आमच्या हाती आली ती त्या कॅसेटची कॉपी. घरातला टू-इन-वन जुना, त्याची मोटर जरा जोरात फिरायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाणी आहेत त्याहून वेगात वाजत होती, आणि मी त्यांच्याबरोबर वाजवायला बघत होतो. दीड वर्ष. मनगटं सुजायची, आई म्हणायची हे काय खूळ लावून घेतलंस. पुढे पुण्यात एकाकडे सीडीवर तेच गाणं ऐकलं, तर ते किंचित खालच्या सुरात आणि किंचित संथ. मी तिथेच बसून सबंध अल्बम पुन्हा ऐकला. पहिल्यांदा मला ठोक्यांमधली जागा ऐकू आली. अर्ल हडसन घाईत नव्हता. मी होतो. त्या दिवशी मला माझ्या हातांचं दुखणं कळलं.

तर आता ऐकायला बस. हेडफोन लाव, आणि पहिल्यांदा फक्त शेवट ऐक. प्रत्येक वेगवान गाण्याचा शेवटचा ठोका. चौघे जण एकाच क्षणी गप्प होतात. कोणाची झांज रेंगाळत नाही, कोणाची तार गुणगुणत राहत नाही. एच.आर. स्टेजवर गाण्याच्या शेवटी मागे कोलांटी मारायचा आणि त्याचे पाय बरोबर शेवटच्या ठोक्यावर जमिनीला टेकायचे. ज्यांनी पाहिलं ते सगळे हे सांगतात. कथक नर्तक तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा आपण ‘क्या बात है’ म्हणतो ना, तोच हिशेब. सम कुठे आहे हे ज्याच्या अंगात पक्कं आहे, तोच हवेत उडी मारू शकतो.

मग ‘सेलिंग ऑन’ ऐक. अल्बमचं पहिलं गाणं, दोन मिनिटांच्या आतलं. वेग सोडून दे आणि मागचे ‘ऊऽऽ’ करणारे आवाज ऐक. साठच्या दशकातल्या पॉप गाण्याचे कोरस आहेत ते, आणि गाणंही तुटलेल्या नात्याचं आहे. एवढ्या धावपळीत ही चाल तुला गुणगुणता येते. ‘डोंट नीड इट’ जेमतेम सव्वा मिनिटाचं. त्यात टीव्हीवरच्या जाहिरातींतल्या वस्तू एकेक करून झिडकारल्या आहेत, केसांना लावायच्या अफ्रो शीनसकट. ‘बॅन्ड इन डीसी’त वेग ओसरतो आणि डॉक्टर नोची गिटार मोकळी सुटते. त्या काही सेकंदांत त्याची फ्यूजनची तालीम उघडी पडते. ‘बिग टेकओव्हर’ची सुरुवात दबत्या आवाजात होते, ताण वाढत जातो, आणि मग गाणं फुटतं. ताण वाढत असताना अर्ल एकदाही पुढे पळत नाही. आपल्याकडचे नव्वद टक्के ड्रमर इथे पळतात. माझे विद्यार्थी पळतात, मीही पळायचो.

‘राइट ब्रिगेड’ला मात्र जास्त वेळ दे. मधे लय जड होते आणि गर्दीला हलायला जागा मिळते. आज ज्याला ब्रेकडाउन म्हणतात, ज्याच्यासाठी तू स्क्राइबच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ परत परत बघतोस, त्याची जुनी मुळं इथे आहेत. एच.आर. जमैकन ढंगात ‘मॅश’ म्हणायचा, तो उच्चार ऐकणाऱ्यांनी ‘मॉश’ (गर्दीतलं धक्काबुक्कीचं नाचणं) असा घेतला आणि तो शब्द जगभर झाला, अशी हकिकत सांगतात. तसं असेल तर गमतीची गोष्ट ही की हार्डकोरच्या गर्दीचा सगळ्यात प्रसिद्ध शब्द रेगेच्या घरून आला.

आणि आता रेगे. अल्बमवर पंधरा तुकडे आहेत, त्यांतले तीन रेगे: ‘जाह कॉलिंग’, ‘लीव्हिंग बॅबिलॉन’, ‘आय लव्ह आय जाह’. पंधरात तीन म्हणजे थोडेच, असं वाटतं. वेळ मोज. सबंध अल्बम साधारण चौतीस मिनिटांचा आणि हे तीन मिळून जवळजवळ तेरा मिनिटं. एकटं ‘आय लव्ह आय जाह’ सहा मिनिटांच्या वर जातं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ रेगेला दिलाय. ते मधल्या वेळचं सरबत म्हणून ठेवलेलं नाही. रेगे गायक बॉब मार्लीला ऐकल्यावर हे चौघे जमैकाच्या रास्ताफारी पंथाकडे ओढले गेले आणि त्यांचं जगणंच बदललं. त्यांच्या दृष्टीने दोन्ही संगीत एकाच बॅबिलॉनविरुद्धचं आहे. बॅबिलॉन म्हणजे जी व्यवस्था माणसाला दाबते, ती. एकदा धावून जायचं, एकदा पाय रोवून उभं राहायचं.

ड्रमरच्या बाजूने बघ. हार्डकोरचा साधा ताल काय? किक, स्नेअर, किक, स्नेअर. सगळं भरलेलं. एकही मात्रा मोकळी नाही. रेगेचा ‘वन ड्रॉप’ काय? चार मात्रांपैकी पहिली गाळायची. किक आणि क्रॉस-स्टिक (स्टिक आडवी टेकवून स्नेअरच्या कडेवर मारलेला ठोका) दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात. जिथे प्रत्येक पाश्चात्त्य ड्रमरचा पाय आपोआप खाली जातो, तिथेच पाय उचलून ठेवायचा. तबल्याच्या भाषेत सांगतो, कारण तुला लहानपणी तबला शिकवल्याचं तू लिहिलंयस. रूपक आठव. समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, येते. नवख्याला चुकल्यासारखं वाटतं, कारण जोर द्यायच्या जागी जोर काढून घ्यायचा असतो. वन ड्रॉप तसाच आहे. हार्डकोर ही सगळी भरी, म्हणजे जोराच्या मात्रा, आणि रेगेत समेवर खाली. एकच माणूस, एकाच कॅसेटवर, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने हे दोन्ही वाजवतो आणि दोन्हींत त्याचं अंग सारखंच सैल असतं.

तुझा हात का भरून येतो ते इथे आहे. तू वेगात वाजवताना दोन ठोक्यांमधली जागा विसरतोस. स्टिक खाली गेली की ती उसळून वर यायला वेळ लागतो, तो वेळ तू तिला देत नाहीस, जोराने ओढून घेतोस. दर ठोक्याला स्नायू दोनदा काम करतो, एकदा मारायला आणि एकदा उचलायला. एका मिनिटात असे काही शे ठोके झाले की हात दगड होणारच. ज्याला खाली ऐकू येते तो स्टिकला उसळू देतो. ज्याला फक्त भरी ऐकू येते तो तिला ओढतो.

म्हणून मी असं करायला सांगतो. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांवर लाव. किक मात्रेवर, स्नेअर दोन मात्रांच्या मधे, आणि उजवा हात हाय-हॅटवर (पेडलवरच्या जोडझांजेवर) फक्त किकबरोबर. हाय-हॅटवर प्रत्येक अर्धी मात्रा वाजवू नकोस, सुरुवातीला तरी नाही, निम्मा थकवा तिथेच वाचतो. स्टिक पंजाएवढ्या उंचीच्या वर जाऊ देऊ नकोस. जोर खांद्यातून काढून मनगटात आण, आणि वेग वाढेल तसा मनगटातून बोटांत. वाजवताना तोंडाने मोठ्याने मोज. बोलता येईना असं झालं की तू श्वास धरलायस, थांब. एक मिनिट वाजव. मग न थांबता, त्याच मेट्रोनोमला अर्ध्या लयीत मोजत, चार मिनिटं वन ड्रॉप वाजव. पहिली मात्रा आली की उजवा पाय पेडलवर हलका ठेवून गप्प बसव. त्याला गप्प बसवणं फार अवघड जाईल, पहिले आठ-दहा दिवस तो दर आवर्तनाला खाली जाईल. जाऊ दे. मग परत एक मिनिट हार्डकोर. पाच मिनिटांपूर्वी वाजवलं तेच, आणि तुला जाणवेल की स्टिक आता आपण होऊन वर येतेय.

आठवड्याला ४ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) वर वाढवायचं नाही. वाढवल्यावर हात भरून आला तर ८ ने खाली ये, लाज वाटू देऊ नकोस. माझ्याकडे एक मुलगी यायची, ती सात महिने १४० च्या वर गेली नाही. आज ती ज्या सफाईने द्रुत वाजवते तशी आमच्या गावात दुसरं कोणी वाजवत नाही.

शेवट वेगळा बसव. चार आवर्तनं वाजवून एकदम थांबायचं, दोन्ही हातांनी झांजा पकडायच्या, आणि पुढची चार आवर्तनं पूर्ण शांततेत मनात मोजून बरोबर जागेवर पुन्हा सुरू करायचं. मोबाइलवर रेकॉर्ड कर. सुरू करताना तू लवकर येतोस की उशिरा, ते ऐक. बहुतेक लवकर येशील.

हाच सराव करताना ‘ब्लॅक डॉट्स’ जवळ ठेव. १९७९ मध्ये व्हर्जिनियात आर्लिंग्टनला डॉन झिएंटाराने आपल्या घरातल्या इनर इअर स्टुडिओत या चौघांना रेकॉर्ड केलं होतं. ती टेप १९९६ मध्ये बाहेर आली. पिवळ्या कॅसेटवरची बरीचशी गाणी त्यात आहेत, थोडी सैल, थोडी कोवळी. ‘ॲटिट्यूड’ किंवा ‘रेग्युलेटर’ तिथलं आणि इथलं लागोपाठ ऐक. दोन वर्षांच्या रियाजाने काय होतं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ कळेल. ‘रॉक फॉर लाइट’ हा १९८३ चा पुढचा अल्बम कार्स बँडच्या रिक ओकासेकने केला, त्यात यातलीच काही गाणी पुन्हा आहेत. पण तो ऐकताना एक ध्यानात ठेव: १९९१ मध्ये तो पुन्हा मिक्स करून काढला तेव्हा टेपची गती वाढवलेली आहे. त्या आवृत्तीबरोबर वाजवू नकोस. मी दीड वर्ष काय केलं ते वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती टाळून या बँडबद्दल लिहिणं मला बरं वाटत नाही. रास्ताफारी कट्टरपणाच्या त्या वर्षांत या बँडकडून समलिंगी लोकांबद्दल द्वेषाची वागणूक झाली. १९८२ च्या दौऱ्यात टेक्सासात ऑस्टिनला बिग बॉईज या बँडचा गायक रँडी टर्नर, जो उघडपणे समलिंगी होता, त्याच्याशी जे वर्तन झालं त्याने अमेरिकी हार्डकोरमध्ये मोठी दुही पडली. ज्यांनी पाहुण्यांना घर दिलं त्यांचाच अपमान झाला. पीएमए गाणाऱ्यांकडून हे व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं, आणि माझ्या वर्गातल्या काही मुलांना हा बँड त्यामुळे नकोसा वाटतो, तेव्हा मी त्यांना आग्रह करत नाही. त्यांना सराव मी दुसऱ्या गाण्यांवर देतो. ज्यांना ऐकायचं त्यांनी हे माहीत असून ऐकावं.

पुढचं थोडक्यात. १९८६ चा ‘आय अगेन्स्ट आय’ हा त्यांचा सगळ्यात नीटस ध्वनिमुद्रित अल्बम. एच.आर. गांजाच्या प्रकरणात तुरुंगात होता म्हणून त्यातल्या ‘सेक्रेड लव्ह’चं गाणं तुरुंगातून फोनवरून रेकॉर्ड केलेलं आहे, आणि ते तसंच ऐकू येतं. बँड मोडला, जुळला, पुन्हा मोडला. बीस्टी बॉईजचा ॲडम यॉक या पहिल्या अल्बमला आजवरचा सर्वोत्तम हार्डकोर अल्बम म्हणायचा. २०२१ पासून बँडने स्वतःच्या नावाने जुने अल्बम पुन्हा काढले, त्यामुळे आता चांगली प्रत मिळवणं अवघड नाही.

पहिल्या अल्बमवर शेवटचा एक मिनिटाचा तुकडा आहे, त्याचं नाव ‘इंट्रो’. तिथपर्यंत एकदा मधलं काहीही न वगळता पोच. मग सरावाला बस. महिनाभराने मला काही पाठवावंसं वाटलं तर यातलं ‘पे टू कम’ हे वेगवान गाणं पाठवू नकोस, ते सगळेच पाठवतात. ‘लीव्हिंग बॅबिलॉन’ पूर्ण चार मिनिटं वाजवून पाठव. तुझा उजवा पाय पहिल्या मात्रेवर किती वेळा खाली गेला ते मी मोजून कळवीन.